बाल्कनीच्या खोलीवरचा आळ

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं केलेलं काम म्हणजे मिरचीचे देठ मोडणं. दुपारची वेळ होती. घरामागच्या पत्र्याखाली गोणपाट अंथरलेलं, त्यावर वर्षाच्या तिखटाची मिरची. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मी, दोघांच्या तोंडाला फडकी. जन्मभर हेच केल्यामुळं बोटं आपोआप चालतात, डोकं मोकळं राहतं, आणि मोकळ्या डोक्यानं आम्ही भांडायचो. त्या दिवशीचं भांडण नुकत्याच करून आलेल्या जहाजाच्या सफरीतल्या चहाचं होतं.

"तिसरा दिनले सकायले तुम्ही तीन कप चहा पिधा," ती म्हणाली.

"दोन."

"तीन. तिसरा कप मन्हा व्हता. मी समुद्र देखी ऱ्हायनी व्हती, तवर तुम्ही गट करा."

"मंग तुले समुद्र देखाना व्हता का चहा पेवाना व्हता?"

"दोन्ही. बाल्कनी कशाले लिधी व्हती मंग?"

मी फडक्यामागं हसलो. ते तिला दिसलं नसणार.

थोड्या वेळानं तिचे हात भगभगायला लागले. उठली, ताकानं हात धुतले आणि "जरासं पडस" म्हणून आत गेली. मी उरलेला ढीग संपवला. आत जाऊन पाहतो तर तिला दरदरून घाम फुटलेला. रिक्षा, दवाखाना, पोराला फोन. पुढचं लिहीत नाही. उजाडायच्या आत ती गेली.

डॉक्टर म्हणाला, हृदयाची झडप दोन वर्षांपासून खराब होती, तुम्हाला माहीत होतं. होतंच माहीत. जहाजावर जायच्या आधी त्यालाच विचारलं होतं. तेव्हा म्हणाला होता, खुशाल जा, घरात बसून झडप काही सुधारत नाही. ही दोन्ही बोलणी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. का, ते पुढं कळेल.

आमच्याकडे माणूस गेलं की नातलग दारवर येतात. म्हणजे भेटायला येतात, पण आम्ही त्याला दारवर येणंच म्हणतो. घरापुढं ताडपत्री अंथरलेली असते, घरधनी भिंतीला टेकून बसतो. येणारा येतो, मान खाली घालून बसतो, जरा वेळ गप्प राहतो आणि मग विचारतो, "काय व्हयनं?" मग पहिल्यापासून सांगायचं. पुढचा आला की परत पहिल्यापासून.

दोन दिवस मी सांगितलं. तिसऱ्या दिवशी माझा घसा बसला, तेव्हा माझ्या चुलतभावानं ते काम अंगावर घेतलं. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. दुसऱ्याचं दुःख सांगण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. त्यानं मिरची गाळली, झडप गाळली, डॉक्टर गाळला. उरलं ते एवढंच.

"जहाजमा गये व्हतात. उघडी खोली लिधी. समुद्रना वारा छातीमा बठना. गयी."

लोकांना हे पटलं. झडप कोणाला दिसत नाही, वारा सगळ्यांना माहीत असतो. चौथ्या दिवसापर्यंत येणाऱ्यांना विचारायचीही गरज उरली नाही, ते घरूनच ऐकून यायचे.

"म्हातारपनमा कशाले हाऊ नाद," एक म्हणायचा.

"बाल्कनीनी खोली म्हने," दुसरा.

"म्हंजे काय ते?"

"म्हंजे समुद्राकडे भिंतच नही. सरळ उघडं."

"आनि तठे करतस काय?"

"बठीसन चहा पेतस."

यावर सगळे माना हलवायचे, जणू आम्ही कड्यावर बसून विष प्यायलो.

दारवर बसलेल्यानं उलट बोलायचं नसतं. लोक बोलतात, आपण ऐकायचं, ही रीत आहे. मी सगळ्या रीती पाळल्या, ही मोडली. चुलतभावाला सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, तिनी पन्नास वरीस मिरचीनी धूळ खादी. ती छातीमा बठनी नही, आनि तीन दिनना वारा बठना?"

"मिरची आपली शे," तो म्हणाला.



मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर आधी हमाल होतो, मग मुकादम झालो. पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं उघडं मैदान. दिवाळीपासून होळीपर्यंत गावाबाहेर लालच लाल दिसतं. शहरातली माणसं गाड्या थांबवून फोटो काढतात. काढू द्या. जे त्यात काम करतात त्यांना लाल दिसत नाही, त्यांचे डोळे गळत असतात. लग्न होऊन आली त्याच हंगामात ती पथारीवर उभी राहिली. मिरची पसरणं, खालीवर करणं, देठ मोडणं. पुढं तिचा कान असा तयार झाला की मिरची कानाजवळ धरून हलवायची आणि आतल्या बियांच्या आवाजावरून सांगायची, अजून दोन दिवसांचं ऊन पाहिजे. व्यापारी तिला विचारून गोणी भरायचे.

आमचं घर पथारीला लागून. त्यामुळं हंगामाचे चार महिने खिडक्या बंद. उघडली की घरभर ठसका. पोरगं पाळण्यात असताना ती खिडकीच्या फटीत ओल्या चिंध्या कोंबायची. तेच पोरगं आता सुरतेला चांगल्या नोकरीत आहे. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा तो आणि सून म्हणाले, मुंबईहून जहाज जातं, तीन दिवस समुद्रात फिरवून आणतं, तुम्ही जा. सुनेनं फोनवर विचारलं, आतली खोली घ्यायची की बाल्कनीची? आतलीला खिडकी नसते.

फोन माझ्या हातात होता, पण उत्तर तिनं दिलं. "खिडकी नही? मंग मन्हं घर काय वाईट शे?"

मी म्हणालो, खोलीत फक्त झोपायचं असतं, बाल्कनी काय करायची. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी फोन तिच्याच हातात दिला.

आता लोक मला विचारत नाहीत, पण मी सांगतो. बाल्कनीची खोली घ्या. 'खोलीत नुसतं झोपायचं तर असतं' असं सांगणारा माणूस माझ्यासारखाच मूर्ख असतो. आणि जहाज मुंबईहून खाली दक्षिणेकडे जाऊन परत येणार असेल तर डावी बाजू मागा. जाताना किनारा आणि उगवता सूर्य तुमच्या बाजूला, येताना मावळता तुमच्या बाजूला. आम्हाला ती नशिबानं मिळाली. बऱ्याच लोकांना हे शेवटच्या दिवसापर्यंत कळत नाही, ते सूर्य शोधत जहाजभर पळत असतात.

सुनेनं मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दिलं होतं, बाल्कनीत कसं वागायचं. कठड्यावर कपडे टाकायचे नाहीत. बाहेर काही सुटं ठेवायचं नाही. बाल्कनीचं दार उघडं राहिलं की एसी बंद पडतो. नाश्ता खोलीवर मागवून बाहेर बसून खायचा. मुंबईच्या गाडीत मी ते तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण प्रत्येक ओळीला "काबर?" विचारता येत होतं. मला एकाचंही कारण सांगता आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी जहाज सुटलं तेव्हा सगळे वरच्या मजल्यावर गाणीबजावणी पाहायला गेले. आम्ही एक चक्कर मारून आलो. पोहायचा हौद पाहिला. एवढ्या समुद्रात हौद कशाला, हे तिला समजलं नाही, मलाही नाही. मग खोलीत आलो, काचेचं दार दोन हातांनी सरकवलं आणि बाहेरच्या दोन खुर्च्यांवर बसलो. किनाऱ्यावरचे दिवे मागं जात होते. ती म्हणाली, "नाक उघडं ठीसन बाहेर बठता येस, हाई माले माहीतच नव्हतं."

तिच्या गळ्यात फडकं नव्हतं, ते मी तेव्हा पाहिलं. घरी ते दागिन्यासारखं कायम असायचं.

दुसऱ्या दिवशी तिनं सुनेच्या कागदाचं वाटोळं केलं. जहाजातलं जेवण गुळमट असणार म्हणून तिनं फडक्यात बांधून मूठभर सुक्या मिरच्या आणल्या होत्या. सकाळी उघडून पाहते तर सादळलेल्या. हलवल्या, आवाज नाही. तिला तो अपमान वाटला. बाहेर एवढं लख्ख ऊन, एवढा वारा, आणि मिरची मऊ? तिनं खोलीतला पांढराशुभ्र टॉवेल बाल्कनीत अंथरला आणि त्यावर मिरच्या पसरल्या. एकमेकींना चिकटता कामा नयेत, अशा. मग खुर्ची ओढून राखणीला बसली. मधून मधून उठून खालीवर करायची. मी म्हणालो, सूनबाईनं काय लिहून दिलंय? म्हणाली, "सून कधी पथारीवर उभी ऱ्हायनी का?"

दुपारी तिनं एक मिरची कानाला लावली. मग दुसरी. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मिरचीनं तिला फसवलं होतं. समुद्राचा वारा वाळवत नाही, उलटा भिजवतो. सकाळपेक्षा मिरच्या जास्त मऊ झाल्या होत्या. ती काही बोलणार तोच एक झोत आला, टॉवेल फुगला आणि अर्ध्या मिरच्या शेजारच्या बाल्कनीत.

पलीकडून दोन शिंका आल्या. मग गुजरातीत कोणीतरी विचारलं की हे आकाशातून काय पडलं. माझ्या बायकोचं माहेर गुजरातच्या शिवेवरचं, तिला गुजराती येत होतं. तिनं कठड्याच्या कडेनं मान काढून सांगितलं, नंदुरबारची मिरची आहे, परत द्या. पलीकडच्या आजीबाईनं बशीत घालून परत दिल्या, पण चार ठेवून घेतल्या. कालपासून गोड डाळ खाऊन तिचंही तोंड विटलं होतं. टॉवेल बदलायला आलेल्या पोराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेव्हा माझ्या बायकोनं त्याला बसवून पाणी पाजलं आणि 'डोळे चोळू नको' हे चार वेळा हातवारे करून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमचा चहा त्यानं स्वतः आणला. तोच तो तीन कपांचा चहा.

म्हणून सांगतो, बाल्कनीत काही वाळत घालू नका. पण शेजारच्या बाल्कनीशी बोला. भिंत पातळ असते, आणि तीन दिवस पुढं फक्त पाणी असतं.

घरी आल्यावर तिनं पहिला फोन धाकलीला केला. धाकली म्हणजे तिची लहान बहीण, खापरला असते. नवरा-बायको मिळून भांड्यांचं दुकान चालवतात. त्यांच्याही मुलीनं मनावर घेतलं आणि महिन्याभरानं सुटणाऱ्या त्याच जहाजात बाल्कनीची खोली ठरवली. माझा साडू कुरकुरत होता, आतली घेऊ म्हणत होता. माझ्या बायकोनं फोनवर धाकलीला धमकी दिली, "आतनी खोली लेशीन ते मन्हासंगे बोलू नको."

ती गेली तेव्हा त्यांचं जहाज सुटायला पंधरा दिवस राहिले होते.

पाचव्या दिवशी धाकली आणि साडू दारवर आले. आधी तीन दिवस ती इथंच होती, मग घरी जाऊन परत आली. आत बायकांमध्ये जाऊन रडली आणि मग रीत सोडून बाहेर ताडपत्रीवर माझ्यासमोर येऊन बसली.

"दाजी, आम्ही जात नही," ती म्हणाली. "रद्द करी ऱ्हायनूत. पोरगीले उद्या दुपारपावत सांगानं शे."

"काबर?"

"लोके काय म्हनतीन? बहीण त्यानंच गयी, आनि हाई त्याच जहाजमा."

"कशानं गयी?"

चुलतभाऊ बाजूलाच होता, तो म्हणाला, "समुद्रना वारा."

साडू म्हणाला, "मी ते पहिलेच म्हनत व्हतो, आतनी लेऊ."

तेव्हा मला कळलं की हे तिकीट रद्द झालं की संपलं. मग दादा नुसता बोलत राहणार नाही, त्याला पुरावा मिळेल. सख्खी बहीण भिऊन थांबली म्हटल्यावर कोण ऐकतं डॉक्टरचं? तिच्या जन्मातले तीन दिवस नाक उघडं ठेवून काढलेले, तेच तिचा काळ ठरतील. नातवंडांना सांगतील, आजी म्हातारपणी हौस करायला गेली आणि मेली.

मी म्हणालो, "तिनी तुले काय सांगं व्हतं? आतनी लेशीन ते बोलू नको."

"आते कोठे बोलनार शे ती?" धाकली म्हणाली. मग डोळे पुसून तिनं सरळ विचारलं, "खरं सांगा दाजी. अक्काले तठे थंडी वाजनी व्हती का?"

आता मी खोटं बोलू शकलो असतो. पाच दिवस तेच केलं होतं. खोटं म्हणजे, कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पण मी लोकांना गाळल्याबद्दल शिव्या देत होतो आणि सगळ्यात मोठी गोष्ट मीच गाळली होती.

मी सांगितलं. शेवटच्या संध्याकाळी जहाज परत फिरलं होतं. सूर्य आमच्या बाजूला होता. ती बाहेर बसली होती. मला कंटाळा आला होता, मला एसी पाहिजे होता, आणि दार उघडं असलं की तो बंद पडतो. म्हणालो, चल आत. ती म्हणाली, तुम्ही जा, हा बुडेपर्यंत मी बसते. मी आत आलो आणि मागं दार ओढून घेतलं. गादीवर पडलो आणि डोळा लागला. ते दार जड. मुठीचा खिट्टा पूर्ण वर गेल्याशिवाय सरकत नाही, आणि मिरचीनं भेगाळलेल्या तिच्या बोटांत तेवढा जोर नव्हता. तिनं काच वाजवली. मी घोरत होतो. सूर्य बुडाला, वारा सुटला, अंगावर नुसतं लुगडं. शेवटी तिनं शेजारच्या आजीबाईला हाक मारली, त्यांनी फोन केला, आणि चहावाला पोरगा आमच्या खोलीचं दार उघडून आत आला तेव्हा मी जागा झालो. अर्धा तास असेल, जास्तही असेल. तिचे हात गार होते. परतल्यावर चार दिवस खोकला होता, मग गेला. खोकला गेल्यावर दोन आठवडे ती चांगली हिंडतफिरत होती. तरी सांगून टाकलं.

"दार मी लायं," मी म्हणालो. "बाल्कनीनी नही लायं. आळ लावाना व्हई ते मन्हावर लावा."

दादासुद्धा गप्प बसला, आणि तेव्हा मला तो बोलला असता तर बरं वाटलं असतं. माझ्या पोराचं तोंड मी पाहिलं नाही. त्यालाही मी हे सांगितलं नव्हतं. तो उठून आत गेला आणि पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला.

धाकली माझ्याकडे बघत राहिली. हो नाही, काही बोलली नाही. साडू म्हणाला, एसटी चुकेल. ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळ केली आणि पहिल्या एसटीनं खापरला निघालो.

दहावा व्हायच्या आत सुतकातला माणूस दुसऱ्याच्या दारात जात नाही. पोरानं स्टँडवर सोडताना एकदाच विचारलं, "आप्पा, जावानंच शे का?" मी म्हणालो, "दुपारपावतच टाईम शे."

दुकान नुकतंच उघडलं होतं. साडू बाहेर भांडी मांडत होता, मला पाहून त्यानं हातातली परात खाली ठेवली. धाकली आतून आली. "दाजी, सुतक शे तुमले."

"म्हनीसन आत येत नही," मी म्हणालो आणि रस्त्याच्या कडेला दुकानाच्या पायरीखालच्या दगडावर बसलो. साडूनं खुर्ची आणली, ती नको म्हणालो. बाजाराचा दिवस होता, येणारे जाणारे बघत होते. बघू देत.

"तू जाय नहीते ऱ्हाय," मी तिला म्हणालो. "पन वाऱ्यामुये ऱ्हायनी आसं सांगू नको. मन्हामुये ऱ्हायनी आसं सांग."

ती पायरीवर बसली. "माले माहीत व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"दारनं. अक्कानी फोनवर सांगं व्हतं. इतली हासी ऱ्हायनी व्हती का तिले बोलता ई नही ऱ्हायनं व्हतं. म्हने, तुन्हा दाजी घोरी ऱ्हायनात, मी काच वाजाडी ऱ्हायनी. म्हने, चांगलं व्हयनं, अर्धा तास जास्तीना मियना."

साडू आत गेला आणि उगाच एक पातेलं पुसत बसला.

"मंग काल काबर नही बोलनी?"

"तुम्ही सांगतस का नही, ते देखानं व्हतं," धाकली म्हणाली. "नही सांगं असतं ते मी गयी नसती."

तिनं तिथंच पोरीला फोन लावला. म्हणाली, रद्द करू नको. पलीकडून पोरगी काहीतरी विचारत होती, तर ही म्हणाली, "हा, बाल्कनीनीच. तुन्हा काका आठे रस्तावर बठेल शेतस, त्याले विचारी ले."

मग मी तिला शिकवलं. दुकानाच्या पुढच्या काचेच्या कपाटाला सरकती काच होती, तिच्यावर दाखवलं. खिट्टा असा पूर्ण वर न्यायचा, मग अंगाचा भार टाकून सरकवायचं, नुसत्या हातानं नाही. पहिल्याच दिवशी दोघांनी बाहेरून दहा वेळा उघडून पाहायचं. साडूलाही बोलावलं, त्याच्याकडूनही करून घेतलं. त्याला पहिल्यांदा जमलं नाही, बाजाराला आलेली दोन माणसं हसली. अंगावर घ्यायला शाल न्या. एसी गेला खड्ड्यात. आणि एक बाहेर, एक आत असं बसायचं नाही. बाहेर तर दोघं, आत तर दोघं.

"आनि त्याले आतच बठानं व्हई ते?" धाकलीनं साडूकडे बोट करून विचारलं.

"मंग दार उघडं ठी."

तिनं चहा विचारला. तो मी पायरीखालीच बसून घेतला. कप विसळायला तिनं आत नेला, तेव्हा मी उठलो.

परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ताडपत्रीवर शहाद्याकडची पाच-सहा माणसं माझी वाट बघत बसली होती. दादा त्यांना सांगत होता. मला पाहून थांबला.

"कोठे गया व्हता?"

"खापर."

"सुतकमा?"

"हा," मी म्हणालो आणि भिंतीला टेकून माझ्या जागेवर बसलो. शहाद्याच्या माणसानं मान खाली घातली, जरा वेळ गप्प राहिला आणि मग विचारलं, काय व्हयनं. मी दादाच्या गुडघ्यावर हात ठेवून त्याला थांबवलं आणि सांगायला सुरुवात केली.